न्यू जर्सीत कॅनाबिसच्या दुकानाचं लायसन : अर्जाआधी काय तयारी करावी?

रारितनकाठी (१० ऑक्टोबर २०२५)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. विषय बघून काही जण नाक मुरडतील याची कल्पना आहे, पण प्रश्न धंद्याचा आहे, ओढण्याचा नाही.

मी, माझा कॉलेजातला मित्र आणि त्याचा मेहुणा असे तिघं मिळून इथे न्यू जर्सीत कॅनाबिसचं, म्हणजे गांजाचं, रिटेल दुकान काढायचं म्हणतोय. मित्राचं मिडलसेक्स काउंटीत चालतं वाइन शॉप आहे. त्यामुळे वयाचे दाखले तपासणं, कॅमेरे, इन्स्पेक्शन यातलं काही त्याला नवीन नाही. मी आणि बायको दोघंही आयटीत. मेहुणा फक्त पैसे घालणार, रोजच्या कामात नसेल. थोडे पैसे आईवडिलांचा कोथरूडचा फ्लॅट विकून उभे राहतील.

वाचून कळलं ते असं. नोव्हेंबर २०२० च्या सार्वमतात ६७ टक्के लोकांनी हो म्हटलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये गव्हर्नर मर्फींची कायद्यावर सही झाली आणि २१ एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्या कुणालाही दुकानातून माल घेता येतो. परवाना देणार कॅनाबिस रेग्युलेटरी कमिशन, म्हणजे सीआरसी. लागवड, उत्पादन, घाऊक, वाहतूक, रिटेल आणि घरपोच असे सहा वर्ग आहेत, आपला पाचवा.

आता प्रश्न. कंडिशनल परवाना घ्यावा की थेट वार्षिक? वाइन शॉपमध्येच एक कोपरा काढता येईल का? आपण भारतीय म्हणजे मायनॉरिटी, त्याचा काही फायदा? आणि खरा खर्च कुठे होतो?

---

खवचट_काका

शंकराच्या देवळासमोर जागा बघा. श्रावणी सोमवारी गर्दी नक्की.

---

उंबरठा

धागा चांगला आहे, पण आधी एक विचारते. तिघांचं इमिग्रेशन स्टेटस काय आहे? फ्लोअर प्लॅन, फी वगैरे सगळं त्यानंतर.

---

काउंटरमागे

मी कॅनाबिसच्या अर्जांची कागदपत्रं तयार करून देण्याचं काम करतो, त्यामुळे हे रोजचंच. क्रमाने सांगत बसत नाही, जिथे लोक अडकतात तिथूनच सुरू करतो.

वाइन शॉपमधला कोपरा विसरा. जिथे दारूची किरकोळ विक्री होते किंवा किराणा, डेली (तयार खाण्याचं दुकान), खाद्यपदार्थ विकले जातात त्या जागेत कॅनाबिसचं दुकान चालत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. शेजारचा वेगळा गाळा, वेगळं दार, वेगळा पत्ता असेल तर तो विषय निराळा, आणि तिथेही टाऊन काय म्हणतं ते बघावं लागेल.

टाऊन हाच सगळ्यात मोठा अडसर. राज्यात अशी ५६४ गावं-शहरं आहेत. (२०२१ मध्ये ५६५ होती, पुढे दोन एकत्र झाली.) ऑगस्ट २०२१ पर्यंत ज्यांना नको त्यांनी तसा ऑर्डिनन्स (स्थानिक कायदा) करायचा होता, आणि बहुतेकांनी तो केला. गंमत अशी की सार्वमतात ज्या गावांनी भरभरून हो म्हटलं त्यांच्यापैकी कित्येकांच्या काउन्सिलनी 'आमच्या गावात नको' म्हटलं. काहींनी पुढे मत बदललं. विक्रीवर २ टक्क्यांपर्यंत स्थानिक कर लावता येतो म्हटल्यावर विचार बदलतो. ज्यांनी दार उघडलं तेही किती दुकानं, कुठल्या झोनमध्ये, शाळेपासून किती अंतरावर हे आपापलं ठरवतात. जर्सी सिटीने तर स्वतःचं वेगळं कॅनाबिस बोर्ड काढलं. तेव्हा राज्याचा अर्ज भरण्याआधी टाऊन क्लार्ककडून ऑर्डिनन्सची प्रत घ्या, आणि दोन-तीन काउन्सिल मिटिंगांना मागच्या बाकावर जाऊन बसा. कोण सदस्य कुरकुर करतो, शेजारपाजारचे लोक पार्किंगवर बोलतात की पोरांवर, हे तिथे कळतं.

कंडिशनल की वार्षिक? कंडिशनलला जागा हातात असावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. आधी तत्त्वतः हो मिळवायचं, मग जागा आणि टाऊनची मंजुरी आणून त्याचं वार्षिकात रूपांतर करायचं. मूळ नियमात त्याला १२० दिवस आणि वर ४५ दिवसांची वाढ होती. तेवढ्यात कुणाचं जमेना म्हणून आयोगाने (सीआरसीने) पुढे आणखी मुदतवाढी दिल्या.

पण कंडिशनलला उत्पन्नाची मर्यादा आहे. आधीच्या वर्षाचं उत्पन्न एकट्याचं २ लाख डॉलर किंवा जोडीने रिटर्न भरत असाल तर ४ लाखांच्या वर नको, आणि ही अट धंद्यात निर्णयाचा अधिकार असलेल्या प्रत्येकाला लागू. तुम्ही दोघंही आयटीत म्हणताय, तर टॅक्स रिटर्न काढून तो आकडा आजच बघा.

अर्जाची फी किरकोळ आहे. २० टक्के अर्जासोबत, ८० टक्के मंजूर झाल्यावर. त्या रकमेला फसून लोक म्हणतात की स्वस्तात होतंय. पैसा जातो तो गाळ्याच्या भाड्यात. वार्षिकाच्या अर्जाला जागेचा ताबा दाखवावा लागतो, मग महिनोन् महिने रिकाम्या गाळ्याचं भाडं भरत बसायचं. त्यावर उपाय म्हणजे लीजमध्येच अट घालून घ्यायची, की परवाना आणि टाऊनची मंजुरी मिळेपर्यंत भाडं निम्मं किंवा फक्त ऑप्शनचे (जागा राखून ठेवण्याचे) पैसे, आणि नकार आला तर करार आपोआप रद्द. मालक कुरकुरतो, पण रिकामा गाळा त्यालाही नकोच असतो.

आणि मालकाला पहिल्याच भेटीत विचारा, गाळ्यावर कर्ज आहे का? बँकेच्या कर्जाच्या कागदात बहुतेक वेळा एक कलम असतं, की जागेत संघराज्याच्या कायद्याविरुद्ध काही चालू देणार नाही. मालक तोंडी हो म्हणतो, बँकेला कळलं की पत्र येतं.

मायक्रोबिझनेस हा तिसरा रस्ता. १० कर्मचारी, २,५०० चौरस फूट, फी कमी. मात्र सगळे मालक किमान दोन वर्षं न्यू जर्सीत राहिलेले हवेत, आणि मालक-कर्मचाऱ्यांतले ५१ टक्के त्याच किंवा लागून असलेल्या टाऊनमधले हवेत. गावातल्या गावात दुकान काढणाऱ्याला हा रस्ता बरा.

आत्ता कुठल्या वर्गाचे अर्ज घेणं चालू आहे ते सीआरसीच्या साइटवर ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशी बघा. कुणाच्या जुन्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

---

रारितनकाठी

बाप रे, मनापासून आभार. वाइन शॉपचं कलम आम्हाला माहीतच नव्हतं. उत्पन्नाचा आकडा सीमेवर आहे, बघतो. मायनॉरिटीचं काय?

---

काउंटरमागे

अर्ज कुठल्या क्रमाने हातात घ्यायचे यात तीन गटांना पुढचा नंबर आहे. सोशल इक्विटी (पूर्वी गांजासाठी शिक्षा झालेले किंवा गरीब भागातले), डायव्हर्सली ओन्ड (मायनॉरिटी वगैरेंच्या मालकीचे) आणि इम्पॅक्ट झोन (गांजाच्या अटकांचा जास्त फटका बसलेली गावं). आपण दुसऱ्यात बसतो, कारण राज्याच्या व्याख्येत आशियाई लोक मायनॉरिटीत येतात. पण नुसतं आडनाव दाखवून भागत नाही. राज्याच्या ट्रेझरी खात्याकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ५१ टक्के मालकी व ताबा खरोखर त्या माणसाकडे असावा लागतो. ते प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.

यात एक सावधगिरी. पैसेवाले लोक येतात आणि म्हणतात, ५१ टक्के तुमच्या नावावर, पैसा आमचा, दुकान आम्ही चालवू, तुम्हाला महिन्याला अमुक. मॅनेजमेंट करार आणि पैसा पुरवण्याचे करार दोन्ही आयोगाला दाखवावे लागतात. मालक नावापुरता आहे असं दिसलं तर अर्ज तिथेच पडतो, आणि पडला नाही तर तुम्ही त्या करारात अडकता. दोन्ही वाईटच.

---

ठोकळा

सोशल इक्विटी म्हणजे ज्यांना पूर्वी गांजासाठी शिक्षा झाली त्यांना आधी नंबर, बरोबर ना? म्हणजे आपण इमानदारीत टॅक्स भरला, सिग्नल पाळला, आणि रांगेत मागे. वा रे न्याय.

---

साताराकर_सध्या_शिकागो

ठोकळासाहेब, जी गोष्ट विकायला आज राज्य परवाना देतंय त्याच गोष्टीसाठी काल कुणाला पकडलं हे बघा की. एसीएलयू या नागरी हक्कांच्या संस्थेच्या २०१३ च्या अहवालात देशभरचा हिशेब आहे. गांजा ओढण्याचं प्रमाण काळ्या-गोऱ्यांत जवळपास सारखंच, पण काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता ३.७३ पट. ज्याच्या नावावर त्या वेळी गुन्हा लागला त्याला नंतर नोकरी नाही, घर नाही. त्याला रांगेत पुढे घेतलं तर आपल्या पोटात दुखायचं कारण नाही.

बाकी इलिनॉयमध्ये गुणांची पद्धत होती तिची कथा ऐका, म्हणजे न्यू जर्सी बरी वाटेल. ७५ दुकानांचे परवाने आणि ९०० हून जास्त अर्जदार. सप्टेंबर २०२० मध्ये निकाल आला तर २१ गटांना पैकीच्या पैकी गुण. म्हणजे लॉटरी होणार ती या २१ जणांतच. बाकीचे कोर्टात गेले, विधिमंडळाने कायदा बदलला, लॉटऱ्या झाल्या २०२१ मध्ये आणि परवाने हातात पडेपर्यंत २०२२ चा उन्हाळा उजाडला. मूळ तारीख होती मे २०२०. तोवर भाडं भरत बसलेले किती जण संपले असतील याचा विचार करा.

---

हिशेबनीस

सीपीए (म्हणजे इथला सीए) आहे. सगळे परवान्याबद्दल बोलताहेत, परवाना मिळाल्यावर कराचं काय होतं ते मी सांगतो.

१९८१ मध्ये मिनियापोलिसमधल्या एका कोकेन-गांजा विकणाऱ्याने टॅक्स कोर्टात जाऊन आपला तराजू, फोन, गाडीचे मैल हा धंद्याचा खर्च म्हणून वजा करून घेतला. कोर्टाने मान्यही केला. अमेरिकन संसदेला ते झोंबलं आणि १९८२ मध्ये कर कायद्यात २८०ई हे कलम आलं. पहिल्या किंवा दुसऱ्या यादीतल्या अमली पदार्थाचा व्यापार करणाऱ्याला धंद्याचा कुठलाही खर्च वजावट म्हणून मिळणार नाही. गांजा संघराज्याच्या पहिल्या यादीत आहे. राज्याचा परवाना भिंतीवर टांगलेला असला तरी आयआरएसला (संघराज्याच्या कर खात्याला) त्याच्याशी देणंघेणं नाही. फक्त मालाची खरेदी किंमत वजा होते.

एक काल्पनिक दुकान घ्या. वर्षाची विक्री १५ लाख डॉलर. माल साडेसात लाखांचा. भाडं, पगार, सिक्युरिटी, विमा, सॉफ्टवेअर मिळून ६ लाख. खरा नफा दीड लाख. साध्या कॉर्पोरेशनला २१ टक्क्यांनी ३१,५०० डॉलर कर. या दुकानाला मात्र साडेसात लाखांवर २१ टक्के, म्हणजे १,५७,५००. नफा दीड लाख आणि कर त्याहून साडेसात हजार जास्त. राज्याचा कर अजून धरलेलाच नाही. (न्यू जर्सीने २०२३ मध्ये आपल्या कायद्यातून २८०ई काढून टाकलं, तेवढाच दिलासा.)

तेव्हा बिझनेस प्लॅनमध्ये आयटीतल्या माणसाने बनवलेली सुंदर एक्सेल घालू नका, २८०ई धरून बनवलेली घाला. सीपीए असा शोधा ज्याच्याकडे आधीपासून या धंद्याची दोन-चार खाती आहेत. आणि एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) साधी ठेवली तर हा फुगवलेला नफा थेट तुमच्या घरच्या रिटर्नमध्ये येतो. हातात रोकड आली नाही तरी कर तुमच्या नावावर. सी-कॉर्प (आपला कर स्वतः भरणारी कंपनी) म्हणून कर भरायचा की नाही हे कंपनी नोंदवतानाच ठरवायला हवं.

गांजा तिसऱ्या यादीत नेण्याचा प्रस्ताव न्याय खात्याने मे २०२४ मध्ये मांडला. तसं झालं तर २८०ई गळून पडेल. पण सुनावणी जानेवारी २०२५ मध्ये खोळंबली. त्या आशेवर हिशेब मांडू नये.

---

नागपुरी_संत्री

बाप्पा! म्हंजे धंदा करून सरकारलेच वरून पैसे द्याचे? काऊन करून राहिले मंग लोकं हा धंदा?

---

हिशेबनीस

माल स्वस्तात आणि खर्च आवळून ठेवणारे टिकतात. शिवाय ज्यांची स्वतःची लागवड किंवा उत्पादन आहे त्यांना मालाच्या किमतीत बराच खर्च बसवता येतो. नुसत्या रिटेलवाल्याला ती सोय फारशी नाही. बँकेचंही तसंच. मोठ्या बँका खातं देत नाहीत. राज्यातल्या काही छोट्या बँका आणि क्रेडिट युनियन देतात, पण संघराज्याच्या ट्रेझरी खात्याच्या २०१४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे त्यांना अशा प्रत्येक खात्याचे अहवाल पाठवावे लागतात. त्या कामाचे पैसे महिन्याच्या फीमध्ये तुमच्याकडूनच वसूल होतात. क्रेडिट कार्ड चालत नाही. उद्या घर घ्यायला गेलात तर या धंद्याचं उत्पन्न धरायला कित्येक कर्ज देणारे तयार नसतात.

---

उंबरठा

माझा प्रश्न तसाच राहिला. तिघांचं स्टेटस?

---

रारितनकाठी

सॉरी ताई, राहूनच गेलं. मित्र सिटिझन आहे. माझं ग्रीनकार्ड, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज करता येईल. मेहुणा एच-वनवर, पण तो फक्त इन्व्हेस्टर. सीआरसीच्या अर्जात सिटिझन असण्याची अट मला तरी दिसली नाही.

---

उंबरठा

मला हेच वाटलं होतं. मी वकील नाही, इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात केसची कागदपत्रं तयार करते. त्यामुळे हे वाचून स्वतःच्या वकिलाकडे जा. पण जा, आणि एकही सही करण्याआधी जा.

राज्य तुम्हाला परवाना देईल. प्रश्न राज्याचा नाहीच. इमिग्रेशन हा पूर्णपणे संघराज्याचा कायदा, आणि त्या कायद्यात गांजा विकणं म्हणजे अमली पदार्थांचा व्यापार. १९ एप्रिल २०१९ ला यूएससीआयएसने (इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या खात्याने) स्पष्ट लिहून टाकलं, की राज्याच्या कायद्यात बसत असलं तरी गांजाच्या धंद्यातला सहभाग सिटिझनशिपसाठी लागणाऱ्या सद्वर्तनाच्या आड येऊ शकतो. नुसती नोकरी केली तरी. अर्जाआधीची पाच वर्षं तपासतात, सिटिझनशी लग्न झालेलं असेल तर तीन. तुम्ही पुढच्या वर्षी फॉर्म भरणार, त्यात नोकरी-धंद्याचा रकाना आहे. तिथे दुकान लिहिलं तर अडकलात आणि लपवलं तर त्याहून जास्त अडकलात.

दुसरं कलम याहून कडक आहे. इमिग्रेशन अधिकाऱ्याला 'हा अमली पदार्थांच्या व्यापारात आहे किंवा त्याला मदत करतो' असं मानायला कारण असेल, तर परदेशी माणसाला देशात प्रवेश नाकारता येतो. गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, अटकही व्हावी लागत नाही. आणि तुमच्या बाबतीत तर पुरावा शोधायलाही नको, परवान्याची यादी जाहीर असते. त्यात सही, हिस्सा, फिंगरप्रिंट, सगळं तुम्ही स्वतःच दिलेलं.

मेहुण्याचं तर अवघड आहे. एच-वनवाल्याने शेअर घेणं, भाड्याचं घर घेणं यात एरवी काही बिघडत नाही. त्यामुळे 'मी फक्त इन्व्हेस्टर' असं आपले लोक सहज म्हणतात. इथे ते संरक्षण नाही, कारण पैसा पुरवणं ही मदतच. पुढच्या वेळी व्हिसा स्टँपिंगला बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये उभा राहील तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाला हे सगळं एका क्लिकवर दिसू शकतं.

अजून एक. असा ठपका बसलेल्या परदेशी माणसाच्या नवरा-बायकोला आणि मुलांनाही तो लागू शकतो, जर त्यांनी गेल्या पाच वर्षांत त्या पैशाचा फायदा घेतला असेल आणि पैसा कुठून आला हे त्यांना माहीत असेल किंवा माहीत असायला हवं असेल. तुमची बायको तुमच्याबरोबरच सिटिझनशिपच्या रांगेत असेल ना?

---

रारितनकाठी

हो. दोघांचं एकाच दिवशी आलं ग्रीनकार्ड.

आम्ही एका कन्सल्टंटशी तासभर बोललो होतो, त्याने यातलं अक्षरही काढलं नाही.

---

काउंटरमागे

उंबरठा, दंडवत. आमच्या धंद्यात हा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण आयोग विचारत नाही. वय २१, पार्श्वभूमी, पैशाचा स्रोत, झालं. यापुढे मी पहिल्या कॉललाच विचारणार.

---

प्राजक्ता_वाय

जरा आमचंही सांगा. नवरा सिटिझन, मी ग्रीनकार्ड. नवऱ्याला त्याच्या मित्राच्या दुकानात १० टक्के हिस्सा मिळतोय. मी कशातच नाही. तरी मला त्रास?

---

उंबरठा

प्राजक्ता, ते कुटुंबाचं कलम ठपका बसलेल्या परदेशी माणसाच्या कुटुंबासाठी आहे. तुझा नवरा सिटिझन असेल तर त्या वाटेने ते तुझ्यापर्यंत येत नाही. पण तू स्वतः हात लावलास तर येतं. दुकानाचं पुस्तक लिहिणं, शनिवारी गल्ल्यावर बसणं, लीजला हमीदार म्हणून सही, जॉइंट खात्यातून भांडवल देणं, हे सगळं 'मदत' म्हणून वाचता येतं. आपल्याकडे नवऱ्याचा धंदा म्हणजे बायको हिशेब बघणारच, तिथेच घोटाळा होतो. तू वकिलाला भेट, आणि नवऱ्याने सही करण्याआधी भेट.

---

कोर्टाची_पायरी

पुण्यातून लिहितोय, वकिली करतो. भारताच्या बाजूचं कुणी बोललं नाही म्हणून.

आपला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्याच्या कलम १ मध्ये २००१ च्या दुरुस्तीने असं घातलंय, की हा कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. आणि कलम १२ म्हणतं, की अमली पदार्थ भारताबाहेर मिळवून भारताबाहेरच कुणाला पुरवण्याचा व्यापार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय कुणी करायचा नाही, त्यावर नियंत्रणही ठेवायचं नाही. शिक्षा कलम २४ मध्ये, दहा ते वीस वर्षं. भांगेची पानं आणि बिया 'गांजा'च्या व्याख्येत येत नाहीत, पण फुलोरा आणि चरस येतात, आणि दुकानात विकायचा माल तोच.

ग्रीनकार्डवाला आणि एच-वनवाला दोघंही भारतीय नागरिक. न्यू जर्सीतल्या दुकानावरून कुणी पुण्यात एफआयआर करायला धावेल असं मी म्हणत नाही. पण कलम पुस्तकात आहे, आणि कौटुंबिक भांडणात, वाटणीच्या दाव्यात लोक कुठलं कलम कधी बाहेर काढतील याचा नेम नाही. कोथरूडच्या फ्लॅटचे पैसे आईवडील पाठवणार असतील तर बँकेत कारण लिहून द्यावं लागतं. त्या म्हाताऱ्या माणसांना यात ओढू नका.

---

खवचट_काका

थट्टा मागे घेतो. हा धागा मुलाला पाठवला, तोही एच-वनवर आहे आणि कोलोरॅडोत असलंच काहीतरी शिजतंय असा मला वास होता.

---

टोरांटोची_थंडी

आमच्याकडे कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून देशभर कायदेशीर, त्यामुळे देशाच्या आणि प्रांताच्या कायद्यात हा झगडाच नाही. तरी ऑन्टारिओत सगळं सोपं नव्हतं. २०१९ च्या पहिल्या फेरीत अख्ख्या प्रांतात २५ दुकानं, तीही लॉटरीने. आता चालवणाऱ्याचं लायसन वेगळं, प्रत्येक दुकानाची परवानगी वेगळी आणि मॅनेजरचं लायसन वेगळं. टोरांटोत काही रस्त्यांवर इतकी दुकानं झाली की निम्मी बंद पडली असं वाटतं. परवाना मिळणं आणि धंदा चालणं यात फरक आहे.

---

जॅक्सन_हाइट्स

शाळेपासूनच्या अंतराचा विषय निघाला म्हणून न्यू यॉर्कचं सांगतो. इथे शाळेपासून ५०० फूट. परवाने देणाऱ्या राज्याच्या ऑफिसने सुरुवातीपासून दुकानाच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत मोजलं. जुलै २०२५ मध्ये त्यांच्याच लक्षात आलं की कायद्यात शाळेच्या हद्दीपासून मोजायचं लिहिलंय. शंभराहून जास्त दुकानं आणि अर्जदार एका दिवसात अडचणीत आले, ज्यांना ऑफिसनेच 'जागा ठीक' म्हणून सांगितलं होतं. कायद्यात दुरुस्ती करू असं त्या वेळी सांगितलं. तुम्ही लीजवर सही करण्याआधी सर्व्हेअरकडून मोजून घ्या, आणि टाऊनच्या ऑर्डिनन्समध्ये कुठून कुठपर्यंत लिहिलंय त्याची प्रत त्या नकाशाला जोडून ठेवा.

---

रारितनकाठी

सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री तिघं बसलो. मेहुणा पूर्ण बाहेर. मीही बाहेर. फ्लॅट विकायचा विषय आईला सांगून थांबवला, तिला मनातून बरंच वाटलं. बायकोने उंबरठांच्या दोन्ही पोस्टी प्रिंट काढून ठेवल्यात.

मित्र एकटा करणार म्हणतोय. मी त्याला वैयक्तिक कर्ज दिलं, कागदावर धंद्याचा उल्लेख न करता, तर?

---

उंबरठा

नको. आयोग मित्राला पैशाचा स्रोत विचारणार आणि तो तुमचं नाव लिहिणार. नाही लिहिलं तर त्याचा अर्ज खोटा. म्हणजे तुम्ही परत तिथेच, वर लपवाछपवीचा ठपका.

---

बाटलीवाला_०८८

मीच तो वाइन शॉपवाला मित्र. कालपासून वाचतोय, आज खातं काढलं.

माझं उत्पन्न मर्यादेत आहे, न्यू जर्सीत बरीच वर्षं आहे, टाऊनही तेच, म्हणजे मायक्रो आणि कंडिशनल दोन्ही जमेल असं दिसतंय. बायको सिटिझन आहे. प्रश्न जागेचा. वाइन शॉपची बिल्डिंग माझीच, शेजारचा गाळा मार्चपासून रिकामा, दार आणि पत्ता वेगळा. तो स्वतःलाच भाड्याने द्यायचा विचार आहे. बिल्डिंगवर एसबीएचं (संघराज्याच्या लघुउद्योग खात्याच्या योजनेतलं) कर्ज आहे, नऊ वर्षं राहिलीत.

---

काउंटरमागे

थांबा थांबा. एसबीएच्या नियमात गांजाचा धंदा बसत नाही, आणि अशा धंद्याला जागा भाड्याने देणारा मालकही बसत नाही. कर्ज चालू असताना तो गाळा तुम्ही असा वापरलात तर बँक अख्खं कर्ज परत मागू शकते, म्हणजे चालतं वाइन शॉपही धोक्यात. एक तर कर्ज दुसरीकडे फिरवा, नाही तर दुसऱ्याच्या मालकीची, बिनकर्जाची जागा शोधा. कंडिशनलला जागा लागत नाही, त्यामुळे तो अर्ज तयार करायला यात अडत नाही.

---

हिशेबनीस

आणि वाइन शॉपची कंपनी आणि ही कंपनी पूर्ण वेगळी ठेवा. खातं, पगार, वीजबिल, सगळं. एकाच माणसाचा पगार दोन्हीकडे विभागलात तर २८०ईची काजळी वाइन शॉपच्या खर्चालाही लागेल. शिवाय तुमच्या दारूच्या लायसनचं नूतनीकरण येतं, त्या वकिलालाही विचारून घ्या.

---

बाटलीवाला_०८८

कर्जाचे कागद काढले. पान १४ वर ते कलम आहे, जसंच्या तसं. बँकेला फोन न करता आधी वकिलाकडे जातो.

दुसरी जागा बघतोय, हायवेला लागून जुनं टायरचं दुकान आहे, मालकावर कर्ज नाही म्हणतो. टाऊनच्या ऑर्डिनन्समध्ये तो झोन येतो का ते सोमवारी क्लार्ककडे बघेन. सर्व्हेअर कुणी ओळखीचा असेल तर निरोप टाका.